पीसी उठला, नेट नाही

सकाळी सात

प्रॅक्टिकल आठला सुरू होतात, म्हणून लॅब सातलाच उठवायला घेते. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक विभागाचे साठेक डेस्कटॉप रात्रभर स्लीपमध्ये असतात. सर्व्हर रूममधून एक कमांड दिली की ते उठतात. याला वेक-ऑन-लॅन म्हणतात. ही सोय १९९०च्या दशकातली, आणि आतून अगदी साधी: सुरुवातीला सहा बाइट एफएफ, त्यामागे त्या कार्डाचा मॅक ॲड्रेस सोळा वेळा. झालं १०२ बाइटचं ‘मॅजिक पॅकेट’. सगळं मशीन झोपलेलं असताना लॅन कार्ड तेवढा एक नमुना ऐकत बसतं. तो आला की मदरबोर्डला इशारा देतं आणि मशीन उठतं.

हे ऐकायला कार्डाला वीज लागते. एसएमपीएसमधली पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन ती पुरवते. स्लीपमध्ये रॅम जिवंत ठेवणारीही तीच. आज पहाटे लाइट गेली होती आणि लॅबचा यूपीएस तेवढा वेळ धरत नाही. स्टँडबाय गेली तसं रॅममधलं सगळं गेलं आणि कार्डालाही आपण कशाची वाट पाहत होतो ते आठवेना. लाइट परत आली तरी बहुतेक कार्डांना ‘मॅजिक पॅकेट ऐक’ हे पुन्हा सांगावं लागतं. सांगणार ड्रायव्हर किंवा बायॉस, आणि ते दोघं मशीन चालू झाल्याशिवाय कामाला लागत नाहीत. लॅबचे शिपाईमामा रांगेतून बटणं दाबत गेले. ज्या मशीनवर बायॉसमध्ये ‘वीज परत आली की चालू हो’ असं लावलं आहे, ती आपली आपण उठून बसली होती. उरलेल्यांवर हे लावायचं काम या आठवड्यात संपवायला हवं.

पावणेआठ

दोन मशीन दुरून दिलेल्या कमांडला तरीही गप्प. कोणीतरी काल ती स्लीपमध्ये न ठेवता शटडाउन करून गेलं होतं, आणि त्यांच्या बायॉसमध्ये ‘ईआरपी’ चालू होतं. हा पर्याय युरोपातून आला आहे. युरोपियन युनियनच्या २००८च्या नियमाप्रमाणे घरातल्या-ऑफिसातल्या उपकरणांनी बंद असताना २०१० पासून एक वॉटच्या आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटच्या वर वीज खायची नाही असं ठरलं होतं. मदरबोर्डवाल्यांनी तो पाळायला हा पर्याय दिला. तो चालू असला की शटडाउननंतर लॅन कार्डाची वीजही तोडली जाते. नियम चांगलाच आहे. पण सकाळी दुरून उठवायच्या मशीनवर तो पर्याय बंद ठेवावा लागतो. केला.

साडेनऊ

हार्डवेअर पुरवणारे येऊन गेले. त्यांचं म्हणणं, स्लीपची कटकट नको, बंदच करून टाका, नाहीतर सगळीकडे नवी लॅन कार्डं टाकून घ्या. कोटेशन सोबत आणलंच होतं. एचओडी सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सरांसमोर कागदावर हिशेब मांडला. रिकामा बसलेला एक डेस्कटॉप चाळीसेक वॉट घेतो, स्लीपमध्ये दोनेक वॉट. साठ मशीन, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ असे चौदा तास. स्लीप बंद केलं तर एका रात्रीत तीसहून जास्त युनिट कोणाच्याही उपयोगाविना जळणार. चालू ठेवलं तर दोन युनिटच्या आत भागतं. आणि कार्डं तर धडधाकट आहेत. सर म्हणाले, “मग बिघाड कुठे आहे ते शोधा, मॅडम.” कोटेशन त्यांनी परत दिलं. मला एवढंच हवं होतं.

अकरा ते पाऊण

आजचं खरं काम प्रोजेक्ट लॅबमध्ये. तिथल्या नव्या मशीनची तक्रार एकच: स्लीपमधून उठतात, स्क्रीन येते, माउस हलतो, पण नेट नाही. रीस्टार्ट केलं की ठीक. दर वेळी होत नाही, आणि म्हणूनच कोणी मनावर घेत नव्हतं. थर्ड इयरचा एक मुलगा मागे लागला होता, त्याला सोबत घेतलं.

“मॅडम, केबल बदलून बघू?”

“आधी मागचा दिवा बघ.”

सॉकेटजवळचा हिरवा दिवा विझलेला. केबल दुसऱ्या मशीनला लावली, पेटला. म्हणजे केबल आणि स्विच दोन्ही सुटले. मग पीसीआय उपकरणांची यादी काढली. कार्ड यादीत होतं, पण त्याच्या रिव्हिजनच्या जागी ‘एफएफ’. हा आकडा मी प्रत्येक मुलाला दाखवते. पीसीआयवर ज्याला विचारलं त्याच्याकडून उत्तरच आलं नाही, तर वाचणाऱ्याच्या हाती सगळे एकच एक येतात. एफएफ दिसलं म्हणजे पलीकडून कोणी बोलत नाही असं समजायचं. कर्नलच्या लॉगमध्येही तेच: कार्डाला डी३ कोल्डमधून डी०मध्ये आणता आलं नाही, डिव्हाइस इनॲक्सेसिबल.

मुलाला वहीवर काढून दाखवलं. डी० म्हणजे कार्ड पूर्ण जागं. डी१, डी२ फारसं कोणी वापरत नाही. डी३चे दोन प्रकार. डी३ हॉटमध्ये कार्ड झोपलेलं, पण त्याची वीज चालू; हाक मारली तर ओ देतं. डी३ कोल्डमध्ये मुख्य वीजच काढलेली. वीज गेली की कार्डातलं सगळं पुसलं जातं: त्याला मेमरीत कुठली जागा दिली होती, त्याने स्वतः रॅममध्ये लिहायचं की नाही, सगळं. म्हणून कर्नल झोपण्याआधी ही माहिती स्वतःजवळ उतरवून ठेवतो आणि उठल्यावर पुन्हा कार्डात भरतो. त्यात क्रम महत्त्वाचा. झोपताना आधी कार्ड, मग ते ज्या ब्रिजला जोडलंय तो ब्रिज. उठताना आधी ब्रिज, मग कार्ड. ब्रिज उठला नसेल तर कार्डापर्यंत निरोप पोचणार तरी कसा? शिवाय वीज आल्या आल्या कार्ड बोलू शकत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमात रीसेट सुटल्यानंतर कार्डाला पहिला प्रश्न विचारण्याआधी किमान १०० मिलिसेकंद थांबायचं आहे.

“पण मॅडम, पहिल्या लॅबमधली मशीनही रोज झोपतात. तिथे असं होत नाही.”

चांगला प्रश्न विचारला पोरानं. तिथे वेक-ऑन-लॅन चालू आहे, म्हणजे झोपेतही कार्डाने कान उघडे ठेवायचे आहेत. प्रोजेक्ट लॅबला आपण सकाळी उठवत नाही, म्हणून तिथे ते बंद. वेक-ऑन-लॅन नको असेल तर कर्नल कार्डाला मिळेल तितक्या खोल अवस्थेत पाठवतो. अर्थात मशीनही वेगळ्या मॉडेलची आहेत, त्यामुळे एवढ्यावर थांबता येत नाही.

मग लिनक्समधली मला फार उपयोगी वाटणारी सोय काढली: पीएम टेस्ट. पूर्ण झोपायच्या ऐवजी अर्ध्या वाटेवर नेऊन पाच सेकंद थांबवायचं आणि परत आणायचं. टप्पे पाच: फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. फ्रीझरला फक्त चालू प्रोग्रॅम गोठतात. नेट परत आलं. डिव्हाइसेसला ड्रायव्हर आपापली कामं आवरतात. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, नेट परत आलं. म्हणजे ड्रायव्हरवर सरळ बोट ठेवता येत नव्हतं. प्लॅटफॉर्मला बायॉसच्या एसीपीआय तक्त्यांतल्या सूचना चालतात, विजेच्या लाइनी खरोखर तुटतात. पहिल्या वेळी नेट आलं, पुढच्या वेळी गेलं. दिवा विझला, यादीत एफएफ. पोरगा खुर्चीतून उठलाच.

आता खात्री करायची. त्या कार्डापुरती डी३ कोल्डची परवानगी काढून घेतली. सिसएफएसमध्ये त्यासाठी एक फाइल आहे, तिच्यात शून्य लिहायचं. मग खरी झोप, खरं उठणं, पुन्हा पुन्हा. दर वेळी हिरवा दिवा आला. परवानगी पुन्हा दिली की तक्रार परत हजर. दोन्ही बाजूंनी खेळवून पाहिल्याशिवाय मी ‘सापडलं’ म्हणत नाही. नुसतं चालू झालं एवढ्यानं कारण कळलं असं होत नाही.

लोक यावर सर्रास एक स्क्रिप्ट लावतात: झोपताना ड्रायव्हर काढा, उठल्यावर घाला. कधी कधी तेही चालतं. मला ते पटत नाही. कार्ड बोलतच नसेल तर ड्रायव्हर परत घालून ते बोलायला लागत नाही, आणि जिथे स्क्रिप्ट चालते तिथे कारण झाकलं जातं. पुढच्या वर्षी दुसऱ्या मशीनवर तेच दुखणं नव्याने शोधायला लागतं. प्रोजेक्ट लॅबमध्ये डी३ कोल्डची परवानगी आपोआप काढून घेणारा युडेव्हचा एक नियम घातला, फक्त त्या मॉडेलच्या कार्डासाठी. झोपेत वीज किंचित जास्त जाईल. चालेल.

एक

डबा.

दोन

दुसऱ्या लॅबमध्ये मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहे. सकाळची बॅच विंडोजवर बसली, दुपारच्या बॅचने लिनक्स उघडलं तर काही मशीनवर नेट नाही. हे ओळखीचं आहे. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, फास्ट स्टार्टअप आलं. शटडाउन म्हटलं तरी विंडोज आपला गाभा डिस्कवर उतरवून ठेवतं, जवळजवळ हायबरनेटच. जाताना कार्डाला ज्या अवस्थेत सोडून जातं, त्यातून ते लिनक्सच्या ड्रायव्हरला बाहेर काढता येईलच असं नाही. मामांचा उपाय जुना आणि पक्का: कॉर्ड काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, कॉर्ड लावा. स्टँडबाय लाइन पूर्ण उतरते आणि कार्ड कोरं होऊन उठतं. लोकांना हा तोडगा वाटतो. त्याच्यामागे चोख कारण आहे. कायमचं म्हणून त्या लॅबच्या विंडोजवर हायबरनेटच बंद केलं, म्हणजे फास्ट स्टार्टअपही जातं.

चार

पहिल्या लॅबची तक्रार निराळी. उठल्यावर दिवा लागतो, कार्ड बोलतं, तरी अर्धा मिनिट नेट नाही. मुलांच्या होम डिरेक्टरी नेटवर्कवर आहेत, त्यामुळे स्क्रीन अडकते. मुलं हँग झालं समजून पॉवर बटण दाबतात आणि काम जातं.

इथे कार्डाचा दोष नाहीच. झोपेत वीज वाचवायला कार्ड लिंक १० एमबीपीएसवर उतरवतं. उठल्यावर पुन्हा एक गिगाबिट ठरवतं. त्यासाठी लिंक क्षणभर तुटते. स्विचला वाटतं, नवं काहीतरी जोडलं. नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री चालू असतं. ते पोर्टला पंधरा सेकंद लिसनिंग आणि पंधरा सेकंद लर्निंगमध्ये ठेवतं. तेवढे तीस सेकंद पॅकेट पुढे जात नाही, डीएचसीपीची मागणीसुद्धा. ज्या पोर्टवर फक्त पीसी आहे तो ‘एज पोर्ट’ म्हणून सांगितला की थांबणं संपतं. स्विचवर लॅबचे सगळे पोर्ट तसे केले, वरच्या स्विचला जाणारा मात्र मुद्दाम सोडला. पुढच्या महिन्यात याच लॅबमध्ये बाहेरचे परीक्षक येऊन प्रॅक्टिकल घेतील. परीक्षेत मुलांचा अर्धा मिनिट असा गेला तर ते मला सहन होणार नाही.

साडेपाच

प्रोजेक्ट लॅबच्या मशीनसाठी बायॉसचं नवं व्हर्जन आलंय का ते पाहिलं. आलंय. उद्या आधी एकाच मशीनवर घालायचं, युडेव्हचा नियम काढायचा, प्लॅटफॉर्म टेस्ट पुन्हा चालवायची. सुधारलं तर नियम सगळीकडून काढता येईल.

नाही सुधारलं तर कर्नलवाल्यांना रिपोर्ट पाठवायचा. तो मुलगा म्हणाला, “मी लिहितो.” त्याला सांगितलं, “नेट जातं” एवढंच लिहून कोणाच्या कामाचं नाही. कर्नलचं व्हर्जन, बायॉसचं व्हर्जन, पीसीआयची पूर्ण यादी झोपेच्या आधीची आणि नंतरची, लॉग न कापता, पीएम टेस्टच्या कोणत्या टप्प्यावर काय झालं, डी३ कोल्ड बंद केल्यावर काय झालं. जुन्या कर्नलवर हे होत नसेल तर ते पहिल्या ओळीत. दोन व्हर्जनच्या मध्ये हजार बदल असले तरी निम्मे-निम्मे करत गेलं की दहाएक चाचण्यांत नेमका बदल सापडतो. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, जुनं कर्नल आजच घालून बघू का. लॅब साडेसहापर्यंत उघडी होती. बस म्हटलं.