संस्थेचा पैसा आणि संस्थेचाच निवेदक



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती. प्रश्न असा होता: लोकांच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओ-टीव्ही संस्थेने आपल्याच निवेदकांच्या नाटकांना, मालिकांना, संगीताच्या प्रयोगांना पैसा पुरवावा का? आम्ही त्या दिवशी घाईत उत्तर दिलं, "पुरवू नये, हितसंबंध आडवे येतात." आणि चहाला उठलो. घरी गेल्यावर वाटलं, हे उत्तर फारच शाळकरी झालं. हाच नियम कोणी अक्षरशः पाळला असता तर मराठीतल्या काही गोष्टी झाल्याच नसत्या. तेव्हा आज तो प्रश्न नीट बसून घेऊ या.

बा. सी. मर्ढेकर आपल्याला कवी म्हणून माहीत आहेत. आमच्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना ते सौंदर्यशास्त्रामुळे आधी भेटतात. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ते हयात नव्हते. पण पोटापाण्यासाठी हा माणूस काय करत होता? १९३८ पासून अखेरपर्यंत आकाशवाणीच्या नोकरीत होता. त्या काळात त्यांनी संगीतिका लिहिल्या, 'कर्ण', 'बदकांचे गुपित' वगैरे. संगीतिका हा प्रकारच मुळी कानासाठी असलेला, म्हणजे रेडिओच्या जवळचा. आता आमच्या त्या दिवशीच्या उत्तराप्रमाणे पाहिलं तर हा सरळसरळ आक्षेपार्ह व्यवहार ठरेल. माणूस संस्थेचा, पगार संस्थेचा, आणि लेखन संस्थेच्याच माध्यमाला साजेसं. तरीही यात काही चुकलं असं आपल्याला वाटत नाही. का वाटत नाही, हा खरा प्रश्न आहे.

व्यंकटेश माडगूळकर घ्या. पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते, पुढे दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात तिथे गेले. या मंडळींना संस्थेने त्यांच्या स्वतःच्या पुस्तकासाठी म्हणून वेगळी थैली दिली नव्हती. जे दिलं ते म्हणजे महिन्याचा पगार, माणसांत हिंडण्याची संधी आणि शब्द ऐकण्याची सवय. ही मदत मोठीच, पण ती कोणाच्या तोंडचा घास काढून दिलेली नव्हती.

इथे आपण 'पैसा पुरवणं' हा शब्द जरा उलगडून पाहू. एखादी प्रसारणसंस्था आपल्या माणसाला तीन गोष्टी देऊ शकते. एक रोकड. दुसरी वेळ, म्हणजे पगारी वेळ, स्टुडिओ, वादक, तंत्रज्ञ. आणि तिसरी गोष्ट कोणत्याच हिशेबवहीत दिसत नाही, ती म्हणजे प्रसिद्धी. रोज सकाळी ज्याचा आवाज लाखो घरांत जातो, त्याने कार्यक्रमाच्या शेवटी सहज म्हटलं, "आमचं नवं नाटक शनिवारी आहे बरं का," तर त्या एका वाक्याची किंमत काय? जाहिरात म्हणून विकत घ्यायला गेलं तर नवख्या लेखकाला ती झेपणार नाही. आणि चर्चा मात्र सगळी रोकडीवर होते. आमच्या मते रोकड ही तिघींतली सर्वांत निरुपद्रवी, कारण तिची निदान पावती तरी होते.

तर मर्ढेकरांच्या बाबतीत आपल्याला खटकत का नाही? एक कारण असं की त्यांचा आवाज हा विकाऊ माल नव्हता. ते पडद्यामागचे अधिकारी होते. दुसरं कारण, संस्था त्यांना नाही म्हणू शकत होती. त्यांच्यावाचून केंद्र बंद पडणार नव्हतं, श्रोते दुसरीकडे जाणार नव्हते. इथे थोडं थांबू या, कारण पुढचं सगळं या एका मुद्द्यावर उभं आहे. संस्था आपल्या माणसाला नकार देऊ शकते का? देऊ शकत असेल तर तिने होकार देण्यात फारसं बिघडत नाही. देऊ शकत नसेल तर तो होकार हा निर्णय म्हणताच येत नाही.

आता आपण डब्लिनला जाऊ. आयर्लंडमध्ये आरटीई ही सार्वजनिक प्रसारणसंस्था आहे. तिथे आजही टीव्ही असलेल्या घराला वर्षाला १६० युरो परवाना शुल्क भरावं लागतं. आपल्याकडेही एके काळी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढावं लागे, वडीलधाऱ्यांना आठवत असेल. या संस्थेचा 'लेट लेट शो' हा गप्पांचा कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे, आणि नाताळापूर्वी त्याचा मुलांसाठी खेळण्यांचा विशेष भाग होतो. तो म्हणजे तिथला जवळजवळ राष्ट्रीय सणच. रायन टब्रिडी हे २००९ पासून त्याचे निवेदक होते.

संस्थेला वाटलं, या खेळण्यांच्या कार्यक्रमाची एवढी पुण्याई आहे, तर त्यावर रंगमंचावरचं संगीतनाटक काढू. डिसेंबर २०२२ मध्ये डब्लिनच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ते झालं. नाटक निवेदकाचं नव्हतं, संस्थेचं स्वतःचं होतं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण ते उभं होतं पडद्यावरच्या एका लाडक्या कार्यक्रमाच्या नावावर. तोटा झाला सुमारे २२ लाख युरो. आता नाटकात तोटा होणं हा काही गुन्हा नव्हे. नाटक कंपन्यांची कर्जं हा तर आपल्या मराठी रंगभूमीच्या इतिहासातला कायमचा अध्याय आहे! पण पुढे चौकशी झाली तेव्हा असं आढळलं की या उपक्रमाला संचालक मंडळाची रीतसर मंजुरीच नोंदलेली नव्हती. म्हणजे नाही म्हणण्याची जी एक जागा होती, तिथे हा प्रश्न नीट येऊन बसलाच नाही.

ही गोष्ट चव्हाट्यावर आली ती दुसऱ्याच प्रकरणामुळे. जून २०२३ मध्ये आरटीईने कबूल केलं की २०१७ ते २०२२ या काळात टब्रिडी यांना दिलेली रक्कम जाहीर आकड्यांपेक्षा एकूण ३,४५,००० युरोंनी जास्त होती. जाहीर आकडे संस्थेचे होते, चूक संस्थेच्या हिशेबाची होती. महासंचालकांनी राजीनामा दिला, संसदीय समित्यांपुढे आठवडेच्या आठवडे सुनावण्या झाल्या आणि लोक त्या सुनावण्या एखाद्या मालिकेसारख्या बघत बसले. परिणाम काय झाला, तर पुष्कळ लोकांनी परवाना शुल्क भरणंच सोडलं. उत्पन्न घसरलं, आणि २०२४ मध्ये सरकारला तीन वर्षांसाठी ७२.५ कोटी युरोंची तरतूद जाहीर करावी लागली.

आम्हाला या कथेत पैशापेक्षा हा शेवट महत्त्वाचा वाटतो. परवाना शुल्काची कल्पनाच अशी आहे की संस्थेने सरकारच्या तोंडाकडे बघू नये. थेट लोकांनी द्यावं, थेट लोकांना उत्तर द्यावं. लोकांनी हात आखडता घेतला की संस्था पुन्हा मंत्रालयाच्या दारात. ज्या संस्थेने उद्या सरकारला अडचणीचा प्रश्न विचारायचा, तिला आज सरकारकडून पैसे घ्यावे लागले. एका नाटकामुळे हे झालं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण विश्वास एकदा उडाला की कोणत्या खात्यातलं किती, हे लोक वेगळं मोजत बसत नाहीत.

उलट बाजूचं उदाहरणही आहे, आणि ते आमचं आवडतं आहे. डेव्हिड अ‍ॅटनबरो १९६५ साली बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीचे प्रमुख झाले, पुढे दोन्ही वाहिन्यांच्या कार्यक्रमांचे संचालक. म्हणजे कोणत्या मालिकेला पैसा द्यायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीत ते स्वतः होते. त्यांच्या कारकिर्दीत केनेथ क्लार्क यांची 'सिव्हिलायझेशन' ही मालिका झाली. क्लार्क हे कलेचे अभ्यासक, बीबीसीचे नोकर नव्हेत. स्वतः अ‍ॅटनबरोंना प्राण्यांवर, जीवसृष्टीच्या संपूर्ण इतिहासावर मालिका करायची होती. खुर्चीत बसून ते काय करू शकले असते? स्वतःच्या अर्जावर स्वतःच सही. त्यांनी तसं केलं नाही. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला खुर्ची सोडली, कार्यक्रम करणारा माणूस म्हणून बाहेर पडले, आणि १९७९ मध्ये तेरा भागांची 'लाइफ ऑन अर्थ' आली. पैसा बीबीसीचाच होता! आपल्याच जुन्या माणसाच्या स्वप्नाला संस्थेने भरघोस पैसा दिला आणि ते योग्यच केलं. फरक एवढाच की होकार देणारा माणूस आता दुसरा होता.

आता तुम्ही म्हणाल, मग खुर्ची सोडायची काय गरज, बैठकीतून तेवढ्यापुरतं उठून बाहेर गेलं तरी पुरे. इथे आम्हाला स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. बरीच वर्षं झाली. एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर आम्ही होतो. बी.ए.ला तर्कशास्त्राचं पुस्तक लावायचं होतं, आणि आलेल्या पुस्तकांत एक आमचं होतं. आम्ही नियमाप्रमाणे उठलो, बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. मनात आपण किती शुद्ध आहोत याचं थोडं कौतुकही होतं, खोटं कशाला बोला. पाच मिनिटांत शिपाई बोलवायला आला. आत गेलो तर पुस्तक लागलेलं. आम्ही विचारलं, चर्चा काय झाली? सगळे हसले. चर्चा झालीच नव्हती. त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला पुढची तीन वर्षं आमच्याबरोबर काम करायचं होतं, दोघांची पुस्तकं पुढच्या वर्षी यायची होती. आमची खुर्ची रिकामी होती, पण आम्ही खोलीतच होतो. दुसऱ्या एका प्राध्यापकांचं पुस्तक, जे आज आम्हाला आमच्यापेक्षा चांगलं वाटतं, ते तसंच परत गेलं. ते गृहस्थ लहान गावातल्या कॉलेजात होते, मंडळावर त्यांचं कोणी नव्हतं. आम्ही त्यावर पुढे काही केलं नाही. मानधनही घेतलं.

म्हणून हितसंबंध म्हणजे अप्रामाणिकपणा, असं समजू नये. त्या खोलीत कोणीही अप्रामाणिक नव्हतं. फक्त नाही म्हणणं कोणालाच परवडत नव्हतं. प्रसिद्ध निवेदकाच्या बाबतीत हे शंभर पटीने खरं आहे. तो रागावला तर उद्या खासगी वाहिनीवर जाईल, मग प्रेक्षकसंख्येचं काय? अशा माणसाचा प्रस्ताव तपासायला त्याच्याच कार्यक्रमाचा निर्माता बसवला तर तो बिचारा काय तपासणार?

कांटने १७९५ च्या 'शाश्वत शांती' या निबंधाच्या परिशिष्टात एक कसोटी दिली आहे. इतरांच्या हक्कांशी संबंध असलेली जी कृती, तिच्यामागचं तत्त्व उघड सांगितलं तर टिकणार नाही, ती कृती अन्याय्य होय. कांट राज्याराज्यांतल्या व्यवहारांबद्दल बोलत होता, पण आपण ती कसोटी इथे लावून बघू. समजा संस्थेने कार्यक्रमाआधी जाहीर केलं, "या नाटकाला आम्ही इतके रुपये दिले. लेखक आमचे निवेदक आहेत. आणखी इतके प्रस्ताव आले होते, ते अमुक कारणाने नाकारले." हे वाक्य न अडखळता वाचता येत असेल तर खुशाल द्यावेत पैसे. बीबीसीने २०१७ मध्ये दीड लाख पौंडांवरच्या मानधनांची नावं जाहीर करायला सुरुवात केली. त्यावर बरीच ओरड झाली, आणि बायकांना पुरुषांपेक्षा किती कमी मिळतं हेही त्यातूनच बाहेर आलं. उघड केल्याने असे न विचारलेले प्रश्नही सुटे होतात.

एक शंका मात्र अजून उरते, कारण आपलं 'गीतरामायण' या सगळ्या हिशेबात नीट बसत नाही. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ते सुरू झालं, वर्षभरात ५६ गीतं झाली. गदिमा आणि सुधीर फडके केंद्राचे नोकर नव्हते, पण ज्यांनी हे करवून घेतलं ते सीताकांत लाड गदिमांचे मित्र. मित्राने मित्राला काम दिलं! आजच्या एखाद्या लेखापरीक्षकाने भुवया उंचावल्या असत्या. आमचं म्हणणं, उंचावू द्यावात, आणि मग त्याला ऐकायला बसवावं. इथे वर्षभर दर आठवड्याला सगळा महाराष्ट्र परीक्षक होता. गाणी पडली असती तर चौथ्या आठवड्यात लाडांना उत्तर द्यावं लागलं असतं. मैत्रीवर बंदी घालणारा नियम आम्हाला नको आहे, तो पाळलाही जाणार नाही.

मघाशी मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "सर, लहान केंद्रावर एकच उद्घोषक असतो, तोच श्रुतिका लिहितो, तोच बसवतो. त्याच्यासाठी पण समिती नेमायची का?" नाही हो. त्याला समिती लावली तर तो लिहिणंच सोडेल, आणि त्या भागातल्या बोलीत श्रुतिका लिहिणारा दुसरा कोणी कदाचित मिळायचाही नाही. रक्कम लहान, प्रसिद्धी जिल्ह्यापुरती. तिथे एवढंच करावं की संहिता दुसऱ्या केंद्रावरच्या कोणीतरी, ज्याची आणि याची ओळख नाही, वाचून दोन ओळींत मत कळवावं. आणि वर्षातून एकदा त्याच केंद्राने बाहेरच्या लेखकांकडून संहिता मागवाव्यात, त्याही याच्या संहितेबरोबर त्याच माणसाकडे जाव्यात, नावं झाकून. आमच्या अभ्यासमंडळाला हे सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं, कागदाची पट्टी आणि डिंक एवढंच लागलं असतं.

बाई, तुमचा आणखी एक प्रश्न राहिला होता ना? विचारा.