ओली फरशी आणि कोर्टाची पायरी

हॉटेलात पाय घसरून हात मोडून घेतलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. घरातली वडीलधारी म्हणतात, "बघून चालायला काय झालं होतं? कसला दावा लावतोस!" आणि अमेरिकेत मुलगा असलेले शेजारचे काका म्हणतात, "तिकडे असतं तर नुसतं पडल्याचे लाखो डॉलर मिळाले असते." दोघांचंही चुकतंय, आणि काकांचं जरा जास्त.

नुसतं पडल्याचे पैसे अमेरिकेतही मिळत नाहीत. १९०१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे रेल्वेच्या फलाटावर केळीच्या सालीवरून घसरलेल्या प्रवाशाचा दावा आला. तो हरला. न्यायमूर्ती होम्स यांचं म्हणणं असं, की गाडीतून उतरणाऱ्या कुणीतरी ती साल मिनिटभरापूर्वीच टाकलेली असू शकते; मग रेल्वेने ती उचलायची कधी? दहा वर्षांनी, १९११ मध्ये, त्याच न्यायालयात पुन्हा फलाट आणि पुन्हा केळीची साल. या वेळी पडलेल्या बाई जिंकल्या. कारण साल वाळलेली, काळी पडलेली, माती लागलेली आणि तुडवून चपटी झालेली होती, असं साक्षीदारांनी सांगितलं. म्हणजे ती बराच वेळ तिथे पडून होती आणि कर्मचाऱ्यांना दिसायला हवी होती. निकाल फिरला तो सालीच्या रंगावर.

आपल्याकडेही प्रश्न हाच असतो : धोका हॉटेलला माहीत होता का, किंवा नीट लक्ष ठेवलं असतं तर कळला असता का, आणि तो दूर करायला त्यांनी काय केलं? धोका हॉटेलनेच निर्माण केला असेल, म्हणजे लॉबी पुसून तशीच ओली सोडली असेल किंवा एसीचं पाणी दिवसचे दिवस जिन्यावर ठिबकत असेल, तर 'आम्हाला ठाऊक नव्हतं' म्हणायला फारशी जागा उरत नाही. इंग्लंडमध्ये सुपरमार्केटात सांडलेल्या योगर्टवरून एक बाई घसरल्या. तिथल्या अपील न्यायालयाने १९७६ साली दुकानालाच विचारलं, तुमची साफसफाईची व्यवस्था नीट चालू होती हे दाखवा. दुकानाला ते दाखवता आलं नाही. हॉटेलच्या स्वच्छतागृहात दारामागे तासातासाच्या सह्यांचा जो तक्ता टांगलेला असतो, त्याचं मोल इथे कळतं. दुपारी तीन वाजता त्यावर संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या दिसल्या, तर फोटो काढून ठेवावा.

पिवळी पाटी लावली की हॉटेल सुटलं, हा समज मॅनेजर मंडळींचा लाडका आहे. पाटीला किंमत आहे, पण ती धोक्याच्या आधी, दिसेल अशी हवी. आणि पाटी ठेवून फरशी दिवसभर ओली ठेवता येत नाही. 'स्वतःच्या जबाबदारीवर' ही छापील ओळ तर त्याहून लंगडी. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं, की असा मजकूर दाखवून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून अंग काढून घेता येणार नाही. तो खटला हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या आणि चोरीला गेलेल्या गाडीचा होता, हे खरं. पण गाडीबाबत जे चालत नाही ते हाडांबाबत चालावं, असा युक्तिवाद करणं वकिलाला सोपं जाणार नाही.

"बिल कंपनीने भरलंय, तुम्ही ग्राहकच नाही," असंही ऐकवलं जातं. इथे दिल्लीचा एक जुना खटला बघण्याजोगा आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये लुफ्तान्साचा एक जर्मन सहवैमानिक ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटलमध्ये उतरला होता. त्याने तरणतलावात सूर मारला आणि डोकं तळावर आपटून तो कायमचा पंगू झाला. हॉटेलशी करार विमानकंपनीचा, त्याचा नव्हे, हा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मान्य केला नाही. जास्त दर घेणाऱ्या पंचतारांकित हॉटेलकडून जास्त काळजीची अपेक्षा असते असं म्हणून त्यांनी १९९७ मध्ये ५० लाखांची भरपाई दिली. एवढंच बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. पुढचं सांगितलं जात नाही : दावा चालू असतानाच, १९८५ मध्ये, तो वैमानिक वारला होता, आणि वादीच्या मृत्यूबरोबर दावाही संपला या मुद्द्यावर खंडपीठाने अपिलात हा निकाल फिरवला. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' म्हणणाऱ्यांच्या हाती यापेक्षा भक्कम दाखला क्वचितच लागेल.

सुदैवाने आता दुसरी पायरी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारा लाभार्थीही ग्राहक धरला जातो. पडलात कळंगुटला आणि राहता पुण्यात, तर तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत. वकील सक्तीचा नाही. आयोग कोणता आणि शुल्क किती, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला शुल्क शून्य. मुदत मात्र दोनच वर्षांची. साक्षीपुरावा फार गुंतागुंतीचा असेल तर आयोग दिवाणी न्यायालयाची वाट दाखवू शकतो.

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच : तुम्ही मोबाइलमध्ये बघत चालला होतात, किंवा झिजलेल्या स्लिपर घालून तलावाकाठी पळत होतात, तर भरपाईतून तुमच्या चुकीचा वाटा कापला जाऊ शकतो. दावा तेवढ्याने बुडतोच असं नाही.

बुडतो तो बहुतेकदा कागदावर. दवाखान्यात घाईत 'पडल्याने इजा' एवढंच लिहिलं जातं. 'अमुक हॉटेलच्या बाथरूममध्ये ओल्या फरशीवरून घसरून' असं लिहून घ्यायला हवं. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं हॉटेलला त्याच दिवशी ई-मेलने कळवावं. आणि मॅनेजरने एक्स-रेचे पैसे देऊ केले तर जरूर घ्यावेत, पण सोबतच्या पावतीवर 'यापुढे कोणतीही तक्रार नाही' अशी ओळ असेल, तर ती खोडल्याशिवाय सही करू नये.