‘बंद पडणे’ या क्रियापदाचे निदानमूल्य : खानदेशातील लहान पेट्रोल इंजिने

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कपाशीवरील फवारणीचा हंगाम सुरू झाला, की पाठीवर वाहून नेण्याच्या फवारणी-यंत्रांची लहान पेट्रोल इंजिने दुरुस्तीच्या दुकानांत येऊ लागतात. त्यांपैकी पुष्कळांची तक्रार एकाच वाक्यात सांगितली जाते : इंजिन सुरू होते आणि बंद पडते. हे वाक्य खोटे नसते. परंतु निदानाच्या दृष्टीने त्यात जवळजवळ काहीच हाती लागत नाही. इंजिन चालू राहण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : इंधन व हवा यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, सिलिंडरमध्ये त्या मिश्रणाचे पुरेसे संपीडन, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. तिहींपैकी कोणतीही एक नाहीशी झाली, तरी फल एकच. यास्तव जाणता कारागीर ‘कसे बंद पडते?’ असे विचारतो, आणि उत्तरात जे क्रियापद येते त्यावरून कोणता भाग प्रथम खोलावयाचा हे ठरवितो. फवारणीचे दिवस मोजके असतात. चुकीचा भाग आधी खोलला गेला, तर त्यातले दोन-तीन सहज निघून जातात आणि किडीला तेवढी सवड मिळते.

पहिला भेद आचके देत थांबणे आणि एकदम थांबणे यांतला आहे. आचके हा शब्द मरणाऱ्या जिवाचा. तो इंजिनाला लावताना बोलणारा केवळ अलंकार योजीत नसतो. कार्बोरेटरच्या वाटीत इंधन येणे मंदावले, तरी वाटीत उरलेले पेट्रोल काही काळ पुरते. मिश्रण हळूहळू विरळ होते, काही आवर्तनांत जळते, काहींत जळत नाही. गती पडते, पुन्हा क्षणभर उचलते आणि मग थांबते. आचके ते हेच. याउलट ठिणगी नाहीशी झाली, तर पुढच्या आवर्तनापासून ज्वलनच होत नाही. चाक आपल्या वेगाने दोन-चार फेरे घेते आणि आवाज विझतो. म्हणून आचके दिल्याचे ऐकले की टाकी, नळी व कार्बोरेटर यांकडे, आणि एकदम थांबल्याचे ऐकले की प्लग, त्याची तार व कॉइल यांकडे आधी पाहणे सयुक्तिक ठरते. हा भेद निरपवाद नाही. खराब होऊ लागलेली कॉइल प्रारंभी ठिणगी मधूनमधूनच चुकविते, आणि तेव्हा तीही गचके दिल्याचा भास निर्माण करते. तथापि पहिली दिशा ठरविण्यास तो पुरेसा आहे.

यापेक्षा अधिक लक्ष वेधून घेणारा शब्द म्हणजे ‘चोक’. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत दोन वाटांनी रुळला. एका वाटेने तो नाम झाला : हवेची वाट अरुंद करणारी, इंजिन थंड असताना ओढावयाची झडप. दुसऱ्या वाटेने तो ‘चोक होणे’ या संयुक्त क्रियापदात गेला, आणि गटारापासून नळापर्यंत जे जे तुंबते त्या सर्वांस लागू झाला. दुरुस्तीच्या दुकानात या दोन्ही वाटा एकत्र येतात आणि तेथेच घोटाळ्याचा संभव उत्पन्न होतो. जेट चोक झाला, म्हणजे इंधनाचे सूक्ष्म छिद्र बुजले. मिश्रण विरळ झाले. चोक ओढला, म्हणजे हवा कमी झाली. मिश्रण दाट झाले. एकाच शब्दाचे हे दोन परिणाम परस्परविरोधी आहेत, आणि म्हणूनच एक दुसऱ्याची परीक्षा घेऊ शकतो. इंजिन तापल्यावरही चोक अर्धा ओढून ठेवला तरच ते चालते आणि सोडला की थांबते, अशी हकीकत असेल, तर इंधन कमी पडते आहे किंवा कार्बोरेटर व सिलिंडर यांच्यामधील सांध्यातून जादा हवा शिरते आहे, एवढे न खोलताच समजते.

परंतु ‘चोक झाले’ या क्रियापदाचा कर्ता वगळला, तर हे सारे अनुमान उलटते. खानदेशच्या काळ्या जमिनीतील धूळ हवेच्या जाळीत बसली, तर जाळीही ‘चोक होते’. पण तेथे तुटते ती हवा. परिणाम चोक कायमचा ओढून ठेवल्यासारखा : काळा धूर, ओला व काजळलेला प्लग, आणि भार पडताच गुदमरणारे इंजिन. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये तेल प्रमाणाबाहेर मिसळले गेले, तर धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर कार्बन साचतो आणि सायलेन्सरही ‘चोक होतो’. तीन कर्ते, तीन निदाने. ‘काहीतरी चोक झाले असेल’ असे ऐकून थेट जेट साफ करावयास बसणारा नवखा कारागीर येथे फसतो. त्यातही जेटमध्ये पोलादी तार घातली, तर छिद्र मोठे होऊन नवाच दोष जडतो. प्लग काढून पाहणे हा त्यावरचा सोपा उपाय. तो कोरडा व पांढुरका असेल तर मिश्रण विरळ, ओला व काळा असेल तर दाट. मग कर्ता शोधणे कठीण राहत नाही.

‘गरम झाले की बंद पडते’ हे वाक्य तर निरीक्षणाच्या वेषातील अनुमान आहे. सांगणाऱ्याने पाहिलेले असते ते एवढेच, की इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालले आणि थांबले; थोडा वेळ गेल्यावर पुन्हा सुरू झाले. या काळात इंजिन तापले हे खरे, पण टाकीतील पेट्रोलही उतरले. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. ते चिखलाने बुजले, किंवा पेट्रोल हिंदकळून अंगावर येऊ नये म्हणून कोणी झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा बसविला, की टाकीत निर्वात निर्माण होऊ लागतो आणि इंधनाचा ओघ थांबतो. इंजिन थंड होईपर्यंत थांबावे, तोवर हवा हळूहळू आत झिरपते, इंजिन सुरू होते, आणि दोष उष्णतेच्या माथी बसतो. परीक्षा सोपी आहे : इंजिन थांबताच, निवू न देता, झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि इंजिन लागलीच सुरू झाले, तर उष्णतेचा काही संबंध नाही.

झाकण सैल करूनही इंजिन सुरू झाले नाही, तर मात्र उष्णतेकडे वळावे. तापल्यावर कॉइलच्या आतील वेढ्यांचे निरोधन उघडे पडू शकते. थंड असताना दिसणारी ठिणगी तेव्हा दिसत नाही. म्हणून ठिणगीची तपासणी इंजिन गरम असतानाच केली पाहिजे, आणि सांडलेल्या पेट्रोलापासून दूर. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हची फट कमी झाली असेल, तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह आपल्या जागी पुरता बसत नाही, संपीडन जाते. त्याची खूण हाताला कळते. ‘दोरी हलकी येते’ हे वाक्य कोणत्याही मापनयंत्रापूर्वी संपीडनाचे मोजमाप देऊन जाते.

‘बंद पडणे’ व ‘बंद होणे’ यांतही भेद आहे. ‘पडणे’ या साहाय्यकाने अनिष्टाची छटा येते. बंद पडलेल्या वस्तूत दोष गृहीत धरला जातो. पण काही फोर-स्ट्रोक इंजिनांत तेलाची पातळी घटल्यास ठिणगी तोडणारी योजना असते. तापी किंवा गिरणेच्या उतरत्या काठावर पाण्याचा पंप तिरपा ठेवला, तर तेल पुरेसे असूनही ते एका बाजूस जाते आणि इंजिन एकदम थांबते. येथे इंजिन बंद पडलेले नसून बंद झालेले असते. दुरुस्ती इंजिनाची नव्हे, खालच्या जमिनीची करावयाची.

बंद हंगामात टाकीत राहिलेले पेट्रोल हे आणखी एक कारण. त्यातील उडून जाणारा अंश जातो आणि जेटमध्ये चिकट थर बसतो. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून तळाशी वेगळी होतात. इंधनाची नळी जिथून सुरू होते ती जागा तळाचीच. हंगाम संपताच टाकी व कार्बोरेटरची वाटी रिकामी करणे, एवढ्याने हा प्रकार टळतो.

या सर्व प्रश्नोत्तरांत अहिराणीचे एक सोयीचे वैशिष्ट्य उपयोगी पडते. ‘इंजन बंद पडस’ आणि ‘इंजन बंद पडनं’ यांतील पहिल्या रूपात वारंवारता आहे, दुसऱ्यात घडून गेलेली एक घटना. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या १९०७ मधील खंडात खानदेशीची गणना भिल्ल भाषांबरोबर झाली, आणि त्या वर्गीकरणावरच पुढील चर्चा पुष्कळशी गुंतून राहिली; ‘-स’ या वर्तमानरूपाचा रोजच्या व्यवहारातला उपयोग मात्र उपेक्षित राहिला. ‘पडस’ ऐकणारा कारागीर दोष येतो-जातो असे समजतो व सैल तार, झाकण, कचरा यांचा विचार करतो. ‘पडनं’ ऐकल्यास त्याला आधी टाकीत पेट्रोल आहे काय, हे पाहावे लागते.

यंत्राबरोबर येणाऱ्या मराठी पुस्तिकांत हा भेद उतरत नाही. परिभाषाकोशांचे लक्षही स्वभावतःच नामांकडे असते. कार्बोरेटरला काय म्हणावे यावर विचार होतो, कार्बोरेटर काय करतो हे सांगणाऱ्या क्रियापदांवर होत नाही. पुस्तिकेच्या डाव्या रकान्यात ‘इंजिन बंद पडते’ एवढेच छापून उजवीकडे दहा कारणे दिली, तर ती सारी सारख्याच वजनाची होतात. त्याऐवजी डावीकडे ‘आचके देत थांबते’, ‘एकदम थांबते’, ‘चोक सोडताच थांबते’, ‘झाकण सैल केल्यावर सुरू होते’ अशी वाक्ये आली, तर उजवीकडे प्रत्येकापुढे एक किंवा फार तर दोन कारणे उरतात.