आपला सर्व्हर, आपली बैठक

व्हिडिओ कॉलवर काय बोललो याइतकीच कोण, कुणाशी, किती वेळ बोललं ही नोंदही मोलाची असते आणि ती सर्व्हरच्या मालकाकडे राहते. म्हणून डॉक्टर, वकील, कामगार संघटना यांनी स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं जित्सी मीट हे व्हिडिओ-बैठकीचं सॉफ्टवेअर जरूर पाहावं. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग विद्यापीठात शिकताना एमिल इवोव्ह यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून ते वाढलं. सोर्स कोड खुला, वापर मोफत.

दोघंच बोलत असतील तर चित्र आणि आवाज शक्यतो थेट एकमेकांकडे जातात. तिसरा आला की मध्ये ‘व्हिडिओब्रिज’ येतो. तो सगळ्यांची चित्रं एकत्र करत नाही, प्रत्येकाचा प्रवाह इतरांकडे नुसता पुढे पाठवतो. त्यामुळे प्रोसेसरवर भार कमी, बँडविड्थ मात्र भरपूर लागते. वाटेत हा प्रवाह कूटबद्ध असतो, पण ब्रिजवर उलगडला जातो. म्हणूनच सर्व्हर कुणाचा, हा प्रश्न कळीचा. एंड-टू-एंड कूटबद्धीकरणाची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि सगळ्याच ब्राउझरांत चालत नाही.

जित्सीच्या सार्वजनिक संकेतस्थळावर ऑगस्ट २०२३ पासून बैठक सुरू करणाऱ्याला गूगल, फेसबुक किंवा गिटहबच्या खात्याने लॉगिन करावं लागतं. स्वतःच्या सर्व्हरवर ही अट नाही. त्यासाठी डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली, एक डोमेन आणि टीएलएस प्रमाणपत्र लागतं, आणि यूडीपी १०००० हा पोर्ट उघडा ठेवावा लागतो. तिघं जमताच चित्र गायब झालं, तर आधी हा पोर्ट तपासा. शिकवण्यासाठी फळा हवा असेल, तर कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात जन्मलेलं बिगब्लूबटन हे सॉफ्टवेअर अधिक सोयीचं.