प्रवेशानंतरची लढाई ओळखणारे डॉ. सुखदेव थोरात

गांधीबागच्या कापडबाजारात गाठी उचलणारा बाप आणि चार घरची धुणीभांडी करणारी आई आपल्या लेकराला कॉलेजात पाठवतात, तेव्हा साऱ्या घराची एकच आशा असते, की पोरगं शिकून मोठं होईल. प्रवेशाच्या यादीत नाव लागले की वस्तीत पेढे वाटले जातात. परंतु यादीत नाव लागणे ही अर्धीच लढाई होय. उरलेली अर्धी वर्गात, वसतिगृहात आणि तोंडी परीक्षेच्या टेबलासमोर लढावी लागते. ती आईबापांना दिसत नाही आणि पोरेही घरी सांगत नाहीत.

ही न दिसणारी लढाई देशापुढे मांडण्याचे काम आपल्याच विदर्भाच्या एका सुपुत्राने केले. त्यांचे नाव डॉ. सुखदेव थोरात. शिक्षणक्षेत्रातील कार्याबद्दल भारत सरकारने २००८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. हा गौरव कशासाठी होता, हे आपल्या घराघरांत ठाऊक असले पाहिजे.

महिमापूर ते दिल्ली

डॉ. थोरातांचा जन्म १९४९ साली अमरावती जिल्ह्यातील महिमापूर या खेड्यात झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय सुरू केले आणि जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले, तेथेच त्यांनी पदवी घेतली. नागसेनवनात नुसते वर्ग नव्हते, गरिबाच्या मुलाला राहायला वसतिगृहही होते. खेड्यातून आलेल्या मुलाला पुस्तकाइतकीच निवाऱ्याची आणि मायेच्या शब्दाची गरज असते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

पुढे मराठवाडा विद्यापीठातून एम.ए. करून त्यांनी औरंगाबादेतच काही वर्षे प्राध्यापकी केली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून अर्थशास्त्रात पीएच.डी. मिळवली आणि तेथेच ते प्राध्यापक झाले. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. देशभरातील विद्यापीठांना अनुदान देणारी आणि त्यांचे नियम ठरविणारी ही संस्था. मिलिंदचा विद्यार्थी त्या खुर्चीवर बसला, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण खुर्चीवर बसून त्यांनी काय केले, ते अधिक मोलाचे आहे.

एम्सचा अहवाल

सप्टेंबर २००६ मध्ये केंद्र सरकारने डॉ. थोरातांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली. दिल्लीच्या एम्स या नामांकित वैद्यकीय संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना भेदभाव सोसावा लागतो, अशा तक्रारी होत्या. समितीने विद्यार्थ्यांना बोलते केले. २००७ साली आलेल्या अहवालातून जे बाहेर आले, ते वाचून मन विषण्ण होते.

शिक्षक आडून-आडून जात विचारतात. तोंडी परीक्षेत आणि प्रात्यक्षिकात आपल्याला न्याय मिळत नाही. मेसमध्ये आणि खेळात आपल्याला दूर ठेवले जाते, असे मुलांनी सांगितले. वसतिगृहातल्या छळाला कंटाळून ही मुले वरच्या मजल्यांवर एकत्र राहू लागली होती. जणू गावकुसाबाहेरची वस्तीच राजधानीतल्या वसतिगृहात पुन्हा उभी राहिली! संस्थेच्या प्रशासनाने हे आरोप मान्य केले नाहीत. परंतु ‘आमची मुले कमी पडतात’ या जुन्या आरोपाला प्रथमच सरकारी कागदावर उत्तर मिळाले. मुले कमी पडत नाहीत, त्यांना कमी पाडले जाते.

नुसते दुःख नव्हे, उपायही

डॉ. थोरात दुःख सांगून थांबले नाहीत. त्यांच्या काळात आयोगाच्या अकराव्या योजनेत महाविद्यालयांमधून मागे पडणाऱ्या मुलांसाठी जादा मार्गदर्शन वर्ग, नेट परीक्षेची तयारी आणि समान संधी कक्ष यांसाठी पैसा ठेवण्यात आला. एम.फिल., पीएच.डी. करणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी २००५-०६ पासून सुरू झालेली राजीव गांधी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आयोगामार्फत राबविली गेली. सुरुवातीला दरवर्षी दोन हजार जागा होत्या. मजुराच्या मुलाला दरमहा हाती पैसा येऊ लागला, तेव्हा कुठे संशोधन ही श्रीमंतांची मिरास उरली नाही.

असा प्रश्न केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत स्पॅनिश भाषिक वंशाच्या, हिस्पॅनिक म्हटल्या जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचीही हीच कथा. ज्या महाविद्यालयांत अशा मुलांची संख्या किमान पाव हिस्सा आहे, त्यांना वेगळी मान्यता १९९२ साली तेथील कायद्याने दिली. तेथेही जाणत्यांचे म्हणणे तेच, की किती मुले आत आली हे मोजू नका, किती मुले पदवी घेऊन बाहेर पडली ते मोजा.

लढाई संपलेली नाही

२०१२ साली आयोगाने विनियम काढून प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असणे बंधनकारक केले. तरीही १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईत जळगावची आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांना आपण गमावले. त्या दोघांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, ते असे नियम कागदावरच राहू नयेत म्हणून. लेकरू गमावलेल्या आईने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी लढावे, याहून मोठा त्याग कोणता?

म्हणून आईबापांनो, फी भरली की आपले काम संपले असे समजू नका. आपले शिक्षण कमी असले तरी विचारण्याचा हक्क कमी होत नाही. मुलाच्या महाविद्यालयात जा. समान संधी कक्ष कुठे आहे, तक्रार कोणाकडे करायची, जादा वर्ग केव्हा असतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा, हे कार्यालयात विचारा. तक्रार लेखी द्या आणि तिची पोच घ्या. मुलगा-मुलगी सुट्टीत घरी आली की मार्कांआधी एवढे विचारा : “बेटा, जेवायला कोणासोबत बसतोस? खोलीत कोण आहे? सर नीट बोलतात ना?” पोर गप्प झाले तर रागावू नका, जवळ घ्या. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी अशा दोन-चार मुलांची जबाबदारी घ्यावी, त्यांना महिन्यातून एकदा तरी भेटावे.

थोरातसाहेबांना पद्मश्री मिळाली याचा आनंद आपण करूच. पण त्यांच्या कामाचा खरा सन्मान व्हायचा असेल, तर प्रवेशाच्या दिवशी वाटलेल्या पेढ्यांपेक्षा पदवीच्या दिवशी वाटलेले पेढे जास्त झाले पाहिजेत.