घरीं छायाचित्रें छापण्याचा कागद

छायाचित्र काढणें आतां इतकें सुलभ झालें आहे कीं, होळीच्या एका रात्रींत एकेका मोबाइलमध्यें शेंकडों चित्रें सांठतात. पण तो मोबाइल हरवला किंवा बिघडला म्हणजे बहुधा तीं सारीं एकदम नाहींशीं होतात. आजीचा चेहरा पुढें नातवंडांसही पाहतां यावा अशी इच्छा असेल, तर निवडक चित्रें तरी कागदावर उतरविलीं पाहिजेत. आणि मग कागद कोणता घ्यावा, हा प्रश्न उभा राहतो.

मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळीं हौशी लोकांना कागद बहुधा स्वतःच तयार करावा लागे. मीठ व रुप्याचा क्षार, पुढें अंड्याचा पांढरा बलक, यांचा लेप चढविलेले ते कागद आज पुष्कळदां पिवळे पडलेले दिसतात. लेप देण्याचे कष्ट आतां कारखान्यांनीं घेतले आहेत. चित्राचें आयुष्य मात्र अजूनही बरेंचसें त्या लेपावर अवलंबून आहे.

साध्या कागदांत शाई तंतूंमधून आडवी पसरते व चेहऱ्याच्या कडा पुसट होतात. पुण्याचा हातकागद कितीही देखणा असला, तरी लेपावांचून त्याचीही हीच गत. छायाचित्राच्या बहुतेक कागदांवर अतिसूक्ष्म छिद्रांचा लेप असतो. शाई तेथेंच थांबते व लौकर वाळते. स्वस्त तकतकीत प्रकारांत हा लेप नुसत्या कागदावर असतो, तर महाग प्रकारांत आंतील कागदाच्या दोन्ही अंगांस प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आमच्या अक्कलकुव्यास, सातपुड्याच्या पायथ्याशीं, हा भेद पावसाळ्यांत चांगलाच कळतो. पहिला हवेंतील ओल पितो, त्याच्या कडा वळतात व तो प्रिंटरमध्यें अडकतो. दुसरा बराच सपाट राहतो. पाकिटावर दर चौरस मीटरचें वजन दिलेलें असतें. नेहमींचा कागद ७० ते ८० ग्रॅमचा, छायाचित्राचा बहुधा १८० ते २७० ग्रॅमचा. मात्र जाड तो टिकाऊ, असें मुळींच नव्हे. आणि आपल्या यंत्रास किती जाडी सोसते, तें आधीं पाहावें. लेझर प्रिंटरमध्यें तर हा कागद घालूंच नये. उष्णतेनें लेप वितळून यंत्र बिघडतें.

चकाकी हवी कीं नको, हें चित्रानें ठरवावें. आमच्या तालुक्यांतील काठीची राजवाडी होळी पहांटे पेटते. तो अंधार, त्या ज्वाळा, नाचणाऱ्यांचे मोरपिसांचे टोप, हें सारें तकतकीत कागदावरच खुलतें. मॅट कागदावर काळा रंग राखेसारखा होतो. उलट, दारासमोर टांगावयाची आजीची तसबीर मॅट कागदावर बरी. तिच्यावर उजेड चमकत नाहीं, आणि हातोहात फिरली तरी बोटांचे ठसे फारसे दिसत नाहींत.

शाईचीही जात असते. पाण्यांत विरघळलेल्या रंगाची शाई भडक दिसते, पण सच्छिद्र लेपावर उजेड व हवा लागून लौकर विटते. सूक्ष्म रंगकणांची शाई अधिक टिकते, परंतु कांहीं तकतकीत कागदांवरून घासली जाते. दुधाहून शुभ्र कागदाचा मोहही आम्हांस नको वाटतो. त्यांतील उजळपणा आणणारीं द्रव्यें कालांतरानें निष्प्रभ होतात व कागद पिवळसर दिसूं लागतो.

छपाईची बाजू ओळखतां न आल्यास कोपऱ्यास ओलसर बोट लावावें. चिकटेल ती बाजू खरी. संगणकांत कागदाचा प्रकार बरोबर निवडावा, नाहींतर शाई जास्त पडून ओलीच राहते. छापलेलें चित्र एक दिवस मोकळें वाळूं द्यावें. मग चौकटींत बसवितांना चित्र व कांच यांमध्यें पुठ्ठ्याची पट्टी घालावी. तशी न घातल्यास पावसाळ्याच्या ओलीनें चित्र कांचेस चिकटतें, आणि सोडवूं जातां चेहरा कांचेवरच राहतो.