पाऊस जसा, गाव तसे

मुलांनो, सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर आहे आणि पूर्वेस माण तालुका. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माणच्या वाट्यास येतो तो सुमारे ५०० मिलिमीटर. एकाच जिल्ह्यात एवढा फरक का बरे पडावा? समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात आणि आपल्याजवळील बहुतेक पाणी तेथेच रिते करतात. पलीकडे उतरताना ते कोरडे झालेले असतात. त्या भागास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

या पावसानेच गावांना निरनिराळी रूपे दिली आहेत. कोकणात पाणी जागोजाग लागते. त्यामुळे प्रत्येक कुटुंबास आपली विहीर व आपली बाग यांच्या सोबतीने राहता येते, आणि एकाच गावाच्या अनेक वाड्या दूरदूर विखुरतात. सखल जमीन भातासाठी राखून घरे उताराच्या कडेला उंच जोत्यावर बांधतात. त्यांची छपरे उतरती असतात, म्हणजे पाणी क्षणभरही थांबत नाही.

माणदेशात याच्या उलट दिसते. तेथे पाणी थोडे. जेथे ते असेल तेथेच माणसे एकत्र येतात. नदीकाठी किंवा विहिरीजवळ घरे दाटीने उभी राहतात आणि भोवती शिवार पसरते. जुन्या घरांच्या भिंती जाड मातीच्या आणि वर सपाट धाबे. अर्थात, दाट वस्तीस केवळ पाणीच कारण नव्हते; पूर्वी चोरादरोडेखोरांचे भयही होते.

काही माणसे तर ऋतूबरोबर आपला मुक्कामच बदलतात. दिवाळीनंतर चारा विरळ होऊ लागला, की पूर्वेकडील मेंढपाळ धनगर कळप घेऊन कोकणची वाट धरतात. भात निघालेल्या शेतात मेंढ्या बसविल्या म्हणजे शेतकऱ्यास खत मिळते आणि धनगरास धान्य. कोकणचा मुसळधार पाऊस मेंढ्यांना सोसत नाही. म्हणून मृगापूर्वी ते घाट चढून परततात.

परंतु हाच पाऊस कधी घातही करतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर अतिवृष्टीने डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. वाचलेल्यांसाठी पुढे दुसऱ्या जागी नवे गाव वसवावे लागले. जागा कशी निवडावी, हा प्रश्न पूर्वजांपुरताच नव्हता. तो आजही आपल्यापुढे उभा आहे.

तुमचे गाव नेमके तेथेच का वसले असेल? घरी आजोबांना विचारा. त्यांच्या उत्तरात एखादी नदी, एखादी विहीर किंवा एखादा डोंगर तुम्हांस खात्रीने भेटेल.